बारा जीबीचं जुनं की आठ जीबीचं नवं?

इंजिनिअरिंगचे प्रवेश उरकले की बिबवेवाडीत दोन गोष्टींची शोधाशोध सुरू होते: कॉट बेसिसवर खोली आणि परवडणारा कॉम्प्युटर. अप्पर इंदिरानगरात विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे, १९८३ सालची. त्यामुळे या भागात चहाच्या टपरीवर थांबलं तरी कॅबिनेट, एसएमपीएस, कूलर असे शब्द कानावर पडतात. लॅपटॉप की असेंबल्ड पीसी हा वाद मिटला की खरा वाद लागतो तो ग्राफिक्स कार्डाचा, आणि अलीकडच्या काळात त्याचं एक ठरलेलं रूप झालं आहे. एन्व्हिडियाचं आरटीएक्स ३०६० घ्यावं, की आरटीएक्स ४०६०? पहिलं जुनं, पण १२ जीबी मेमरीचं. दुसरं नवं, पण ८ जीबीचं. किमती एकमेकींच्या आसपास. घरून पैसे एकदाच मिळणार आणि कार्ड निदान पदवी हातात येईपर्यंत चालायला हवं.

प्रश्न दोनच कार्डांचा दिसतो, पण ग्राफिक्स कार्डांच्या तुलनेतली बहुतेक सगळी गुंतागुंत त्यात येऊन जाते. म्हणून हीच जोडी समोर ठेवून हा आढावा घेतो आहे. माझं मत आधीच सांगतो: पैसे बेताचे असतील तर आधी मेमरी पाहावी, वेग नंतर. ते का, हे पुढे येईलच.

३०६० बाजारात आलं २५ फेब्रुवारी २०२१ला आणि ४०६० आलं २९ जून २०२३ला. अमेरिकेतली सुरुवातीची किंमत अनुक्रमे ३२९ आणि २९९ डॉलर. आपल्याकडे १८ टक्के जीएसटी, वाहतूक आणि मधल्यांचा नफा धरून त्याचं काय होतं ते आठवड्यागणिक बदलतं, म्हणून रुपयांतले आकडे देत नाही. आता खोक्यावरचं वाचू. ३०६०मध्ये ३५८४ कोअर, ४०६०मध्ये ३०७२. नव्यात कोअर कमी! इथेच पहिल्यांदा कार्ड घेणारा मुलगा अडखळतो आणि दुकानदाराकडे पाहतो. पण नव्या कार्डाचं क्लॉक २४६० मेगाहर्ट्झपर्यंत जातं, जुन्याचं १७७७ पर्यंत. कोअर गुणिले क्लॉक गुणिले दोन असा हिशेब केला की जुन्याचे १२.७ टेराफ्लॉप होतात आणि नव्याचे १५.१. पारडं फिरलं.

हा टेराफ्लॉपचा आकडाही मात्र जपूनच वापरायचा. त्याचं उत्तम उदाहरण ३०६०च्या आधीच्या पिढीत सापडतं. आरटीएक्स २०६०मध्ये १९२० कोअर होते. ३०६०मध्ये ते जवळपास दुप्पट झाले, टेराफ्लॉपही साडेसहावरून पावणेतेरापर्यंत गेले. खेळ दुपटीने पळायला लागले का? नाही. फरक पडला तो ढोबळमानाने पाचव्या हिश्शाचा. कारण ३०६०च्या, म्हणजे अँपिअर पिढीत एन्व्हिडियाने कोअर मोजायची पद्धतच एका अर्थाने बदलली. आधी जी एककं फक्त पूर्णांकांची गणितं करायची, ती आता पूर्णांकही करतात आणि दशांशही. त्यामुळे कागदावर ती दशांश कोअरमध्ये मोजली गेली, प्रत्यक्षात मात्र त्यांचा बराच वेळ पूर्णांकांच्या कामातच जातो. तेव्हा कोअरची संख्या एकाच पिढीतल्या दोन कार्डांत तुलनेला ठीक. दोन पिढ्यांत ती कामाची नाही, आणि एन्व्हिडियाच्या कोअरची एएमडीच्या कोअरशी तुलना करणं तर निव्वळ वेळ घालवणं.

चिपच्या आतली गोष्ट जास्त बोलकी आहे. ३०६०ची चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनलेली, आकार २७६ चौरस मिलिमीटर. ४०६०ची तैवानच्या टीएसएमसीने बनवलेली, फक्त १५९ चौरस मिलिमीटरची. चिप लहान झाली, तरी ट्रान्झिस्टर १२०० कोटींवरून १८९० कोटींवर गेले. म्हणूनच नवं कार्ड ११५ वॉटमध्ये भागवतं आणि जुन्याला १७० लागतात. पण याच आकड्यांवरून तेव्हा समीक्षकांनी ओरड केली होती की ही चिप मुळात ‘५०’ दर्जाची आहे आणि कंपनीने तिला ‘६०’चं नाव चिकटवून विकलं. मला ती तक्रार रास्त वाटते. नावातला आकडा कंपनी ठरवते आणि गिऱ्हाईक त्याच आकड्याला भुलतं.

आता मेमरी. जुन्या कार्डात १२ आणि नव्यात ८, हे उलटं कसं झालं? कारण अगदी साधं आहे आणि ते समजलं की पुढची कितीतरी कार्डं वाचता येतात. कार्डावरची प्रत्येक मेमरी चिप ३२ बिटांच्या वाटेने मुख्य चिपला जोडलेली असते. ३०६०ची वाट १९२ बिटांची, म्हणजे मेमरीच्या सहा चिप. एकेक चिप १ जीबीची घेतली तर ६ जीबी होणार आणि २ जीबीची घेतली तर १२. मधलं काही नाही. सहा जीबी २०२१मध्ये कमीच पडले असते, म्हणून कंपनीने १२ दिले. ४०६०ची वाट १२८ बिटांची, म्हणजे चार चिप आणि ८ जीबी. उदारपणा आणि चिकटपणा यांच्याइतकाच हा भागाकाराचा प्रश्न होता. वाट अरुंद ठेवायची हा निर्णय मात्र भागाकाराने घेतलेला नव्हता.

बँडविड्थही यातूनच निघते. ३०६०ची मेमरी १५ गिगाबिट वेगाची: १९२ गुणिले १५ भागिले ८, म्हणजे सेकंदाला ३६० जीबी. ४०६०ची १७ गिगाबिटची: १२८ गुणिले १७ भागिले ८, म्हणजे २७२ जीबी. इथेही जुनं कार्ड पुढे. ही तूट भरून काढायला नव्या चिपमध्ये एल-२ कॅश ३ एमबीवरून २४ एमबी केली आहे. स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखं समजा: लागणारे जिन्नस ओट्यावरच हाताशी असतील तर फडताळाकडच्या खेपा वाचतात. खेळांच्या बाबतीत ही युक्ती चांगली चालते, कारण एका फ्रेममध्ये तोच तो डेटा पुन्हापुन्हा लागतो. पण काही कामांत प्रत्येक वेळी सगळंच सामान काढावं लागतं. तिथे २४ एमबी कॅश काहीच करू शकत नाही. ते काम कोणतं, ते पुढे बघू.

दुकानात दोन्ही कार्डं हातात घ्यायला मिळाली तर उलटी करून तळाची सोनेरी पट्टी बघा, जी मदरबोर्डच्या खाचेत बसते. ३०६०ची पट्टी टोकापर्यंत सोनेरी रेघांनी भरलेली दिसेल. ४०६०ची पट्टी लांबीला तेवढीच, पण रेघा अर्ध्यावरच थांबतात. पुढचा भाग फक्त आधारापुरता. म्हणजे जुनं कार्ड पीसीआयईच्या सोळा लेन वापरतं आणि नवं आठ. नव्या मदरबोर्डवर याने काही बिघडत नाही. पण बी-४५० किंवा एच-४१० सारखा जुना बोर्ड, जो पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीवर चालतो, त्यावर ४०६० लावलं की आठ लेन त्याही निम्म्या वेगाच्या होतात. एरवी दोन-चार टक्क्यांचा फरक. पण कार्डातले ८ जीबी भरले आणि डेटा मुख्य रॅममधून ओढायची वेळ आली की हीच अरुंद वाट गळ्याशी येते. एएमडीने २०२२च्या जानेवारीत आरएक्स ६५०० एक्सटी फक्त चार लेनचं काढलं होतं, तेव्हा जुन्या बोर्डांवर त्याची जी दैना झाली ती सगळ्यांनी पाहिली. थोरल्या भावाचा पीसी घेऊन त्यात फक्त कार्ड बदलणाऱ्यांनी हा मुद्दा डोक्यात ठेवावा.

चाचण्यांकडे वळायच्या आधी थोडा इतिहास, कारण आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवायला या धंद्याने फारशी जागा ठेवलेली नाही. २००१मध्ये एटीआय कंपनीच्या रेडिऑन ८५०० कार्डावर क्वेक-३ या खेळाची चाचणी चालली होती. कुणीतरी खेळाच्या फाइलचं नाव ‘क्वेक’चं ‘क्वॅक’ केलं आणि वेग घसरला. ड्रायव्हर फाइलचं नाव ओळखून गुपचूप चित्राचा दर्जा उतरवत होता! दोनच वर्षांनी, २००३मध्ये, एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरवर थ्रीडीमार्क या चाचणीत तसलीच चलाखी केल्याचा ठपका त्या चाचणीच्या निर्मात्यांनी ठेवला. म्हणजे दोन्ही घरी मातीच्याच चुली. तेव्हापासून जाणती समीक्षक मंडळी एका चाचणीवर निकाल देत नाहीत. दहा-पंधरा खेळ चालवतात.

दुसरा बदल मोजण्याच्या पद्धतीत झाला. सेकंदाला सरासरी ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. पण सरासरी ६० असूनही मधूनच एखादी फ्रेम शंभर मिलिसेकंद अडकली तर डोळ्यांना तो झटका बरोबर कळतो. अमेरिकेतल्या ‘टेक रिपोर्ट’च्या स्कॉट वॉसन यांनी २०११मध्ये हे फ्रेम-फ्रेमचं मोजमाप लावून धरलं, आणि आज सरासरीशेजारी ‘एक टक्का लो’ असा दुसरा आकडा दिसतो तो त्याच वाटेने आलेला. सगळ्यांत हळू एक टक्का फ्रेमांचा हा वेग. दोन कार्डांची तुलना वाचताना मी सरासरीच्या आधी तो बघतो.

तर निकाल काय? १०८० रेझोल्यूशनवर, म्हणजे खोलीवरच्या नेहमीच्या मॉनिटरवर, ४०६० हे ३०६०पेक्षा सरासरी १५ ते २० टक्के पुढे राहतं. ३०६० सत्तर फ्रेम देत असेल तिथे हे ऐंशी-ब्याऐंशी देणार. दिसायला बरं, आयुष्य बदलणारं नाही. आणि त्याला अपवाद आहेत. ‘द लास्ट ऑफ अस’चा पहिला भाग मार्च २०२३मध्ये पीसीवर आला तेव्हा ८ जीबीच्या कार्डांची भंबेरी उडाली, नंतर दुरुस्त्या आल्या, पण इशारा मिळून गेला. डिसेंबर २०२४च्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’मध्ये ८ जीबीवाल्यांना टेक्स्चरची सेटिंग उतरवावीच लागते, वर ठेवली तर खेळ अडखळतो, आणि तिथे जुनं १२ जीबीचं कार्ड निवांत चालतं. वेग कमी पडला तर एखादी सावली कमी करून भागतं. मेमरी कमी पडली तर काही खेळ सरळ अडखळतात, आणि काही धूर्तपणे टेक्स्चर धूसर करून वेळ मारून नेतात. हा दुसरा प्रकार वाईट, कारण तो आलेखात दिसतच नाही. फ्रेमचा आकडा छान येतो आणि भिंतीवरची अक्षरं मात्र वाचता येत नाहीत.

नव्या कार्डाच्या बाजूने एक मोठा मुद्दा नेहमी मांडला जातो तो फ्रेम जनरेशनचा. दोन खऱ्या फ्रेमांच्या मध्ये कार्ड स्वतःच्या अंदाजाने एक फ्रेम रचून घालतं. ४०६०ला हे येतं. ३०६०ला एन्व्हिडियाने ते दिलेलं नाही. यात चित्र गुळगुळीत दिसतं हे खरं, पण माऊस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ कमी होत नाही, उलट किंचित वाढतो. शिवाय रचलेल्या फ्रेमांनाही मेमरी लागतेच, म्हणजे जिथे ८ जीबी आधीच काठोकाठ भरलेत तिथे मदतीला आलेलाच भार होतो. जाहिरातीत मात्र रचलेल्या फ्रेमा आणि खऱ्या फ्रेमा एकाच रकान्यात बसतात. जानेवारी २०२५मध्ये कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी व्यासपीठावरून सांगितलं की ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे ४०९०ची कामगिरी देईल. ते शक्य होतं फक्त एका खऱ्या फ्रेममागे तीन रचलेल्या फ्रेमा मोजल्या तर. तुलनेचा आलेख समोर आला की खालच्या बारीक अक्षरांत ‘फ्रेम जनरेशन चालू’ असं आहे का, ते आधी वाचावं.

इथवर खेळांची बाजू झाली. पण घरी सांगताना तर ‘अभ्यासासाठी लागतंय’ असंच सांगितलेलं असतं! आणि अलीकडे ते निम्मं तरी खरं असतं. आर्टिफिशियल इंटेलिजन्स आणि डेटा सायन्सच्या शाखा निघाल्या, कुणी ब्लेंडर शिकतो, कुणी प्रोजेक्टसाठी मॉडेल ट्रेन करतो. इथे कार्डांचे क्रमांक उलटेपालटे होतात.

ब्लेंडरमध्ये रेंडर करायचं तर ४०६० स्पष्टपणे पुढे. किरणांचा माग काढणारी त्याची एककं नव्या पिढीची आहेत आणि फरक खेळांपेक्षा जास्त दिसतो. मात्र दृश्य ८ जीबीत मावेल तोवरच. झाडं, गवत आणि मोठमोठी टेक्स्चरं भरलेलं दृश्य त्यापुढे गेलं की वेग कोसळतो किंवा काम अर्ध्यात थांबतं.

भाषेची मॉडेलं घरच्या कार्डावर चालवण्याचं उदाहरण घ्या, कारण इथे आधी सोडून दिलेला धागा जुळतो. सात अब्ज पॅरामीटरचं मॉडेल सोळा बिटांत ठेवलं तर त्यालाच १४ जीबी लागतात. दोन्ही कार्डं बाद. चार बिटांत आवळलं तर साधारण ४ जीबी, दोन्हींत बसतं. पण असं मॉडेल प्रत्येक नवा शब्दखंड काढताना सगळेच्या सगळे पॅरामीटर मेमरीतून एकदा वाचतं. कॅशचा उपयोग शून्य. म्हणजे वेगाची कमाल मर्यादा निव्वळ भागाकाराने निघते: ३०६०वर ३६० भागिले ४, सेकंदाला ९० शब्दखंड, ४०६०वर २७२ भागिले ४, म्हणजे ६८. प्रत्यक्षात दोन्हीकडे याहून कमीच मिळतात, पण क्रम हाच राहतो. दोन वर्षं जुनं, कमी टेराफ्लॉपचं कार्ड नव्याला मागे टाकतं! आणि तेरा अब्जांचं मॉडेल चार बिटांतही सातआठ जीबी खातं. ते संभाषणाच्या संदर्भासकट ३०६०वर चालतं, ४०६०वर दम तोडतं.

मेमरीची ही अडचण आजची नाही. २०१२मध्ये टोरांटोच्या क्रिझेव्स्की, सुत्स्केव्हर आणि हिंटन यांनी चित्रं ओळखणारं जे जाळं बनवून सगळ्या क्षेत्राची दिशा फिरवली, ते त्यांनी दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर शिकवलं होतं. खेळासाठी विकली जाणारी, दुकानात मिळणारी कार्डं. दोन का? एकातल्या ३ जीबीत ते जाळं मावत नव्हतं म्हणून अर्धं-अर्धं करून दोघांत वाटलं. पाच-सहा दिवस ते चालत होतं.

पुण्यातच याचं दुसरं टोक पाहायला मिळतं. १९९१मध्ये सी-डॅकने इथे परम ८००० उभा केला. त्याच सी-डॅकचा परम सिद्धी-एआय नोव्हेंबर २०२०च्या जगातल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत ६३व्या क्रमांकावर आला. त्यात एन्व्हिडियाची ए-१०० ही कार्डं आहेत. त्या कार्डाच्या ४० जीबी आवृत्तीची बँडविड्थ सेकंदाला १५५५ जीबी. पण मला लक्षणीय वाटतो तो वेगळाच आकडा. हवामान, द्रवगतिकी अशा कामांना ६४ बिटांची अचूकता लागते, आणि त्या अचूकतेत ए-१०० हे ९.७ टेराफ्लॉप देतं. ३०६० आणि ४०६० या दोन्हींत हा वेग मुद्दाम ३२ बिटांच्या वेगाच्या चौसष्टाव्या हिश्शावर ठेवलेला आहे, म्हणजे सुमारे ०.२ टेराफ्लॉप. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने द्रवगतिकीसाठी यांतलं कुठलं घ्यावं, असं विचारलं तर उत्तर ‘कुठलंच नाही, कॉलेजची लॅब वापर’ असं द्यावं लागतं. याउलट नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची जी सुधारणा झाली, तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांचे सिग्नल जुळवण्याचा मोठा भार एन्व्हिडियाच्या टेस्ला मालिकेतल्या कार्डांनी उचलला. त्या कामाला ३२ बिट पुरतात. काम कोणतं, यावर आकड्याची किंमत ठरते ती अशी.

विजेचं पाहू. दोन कार्डांत ५५ वॉटचा फरक. रोज चार तास पूर्ण भाराने वापर धरला तर वर्षाला ८० युनिट. हिशेबाला १० रुपये युनिट धरलं तर आठशे रुपये. तीन-चार वर्षांत अडीच-तीन हजार, म्हणजे अगदीच चिल्लर नाही. पण रोज चार तास पूर्ण भाराने कोण खेळतं, असा प्रश्न पालक विचारतीलच, आणि त्याचं खरं उत्तर द्यायची सोय नसते. खरा फरक यूपीएसवर पडतो. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॉटपर्यंत तग धरतो. ३०६०चा पीसी, मॉनिटर आणि राउटर मिळून भाराखाली सव्वातीनशेच्या पुढे जातात. वीज गेली की यूपीएस किंचाळतो आणि काम सेव्ह करायच्या आत बसतो. ४०६०वर तोच यूपीएस दोन-तीन मिनिटं सवड देतो. आणि वरच्या मजल्यावरची, स्लॅबखालची खोली असेल तर एप्रिल-मेमध्ये १७० वॉटचा हा हिटर पायाशी घेऊन बसणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला ठाऊक. कंपनीने एसएमपीएसची शिफारस मात्र दोन्हींना ५५० वॉटचीच केली आहे. तिथे दोन पैसे वाचवायला जाऊन बिननावाचा एसएमपीएस घेऊ नये. तो गेला तर एकटा जात नाही.

नावांच्या फसवणुकीबद्दल सावध राहायला हवं. २०२२च्या अखेरीस ३०६०चीच ८ जीबीची आवृत्ती निघाली. कोअर तेवढेच, पण वाट १२८ बिटांची आणि बँडविड्थ ३६०वरून २४०. खोक्यावर नाव तेच. ३०६० घ्यायचं तर १२ जीबीचंच, नाहीतर या सगळ्या लेखाचं गणित मोडलं. ही कंपनीची जुनी खोड आहे. २०१८मध्ये जीटी १०३०ची एक आवृत्ती साध्या डीडीआर-४ मेमरीची काढली, तिची बँडविड्थ मूळच्या ४८ जीबीवरून १६.८वर आली. जीटीएक्स ९७०ची गोष्ट तर अमेरिकेतल्या कोर्टापर्यंत गेली: ४ जीबीतला शेवटचा अर्धा जीबी भलताच हळू निघाला, जाहीर केलेले काही आकडेही चुकीचे होते, आणि २०१६च्या तडजोडीत गिऱ्हाइकांना ३०-३० डॉलर द्यायचं ठरलं. आपल्याकडचा देशी अवतार म्हणजे ‘४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड’ म्हणून गळ्यात मारलं जाणारं जीटी ७३०. डीडीआर-३ची ४ जीबी मेमरी त्यात असते खरी, पण ती वापरण्याइतकी ताकदच त्या चिपमध्ये नाही. मेमरीला आधी विचारा म्हणतो त्याचा अर्थ हा नव्हे, हे इथेच सांगितलेलं बरं.

मग याच किमतीतले इतर? एएमडीचं आरएक्स ७६००, मे २०२३चं, २६९ डॉलरचं: ८ जीबी, १२८ बिट, १६५ वॉट. खेळांत ४०६०च्या खांद्याला खांदा लावतं, पण अभ्यासाचे बरेच प्रोग्रॅम ज्यावर चालतात ते एन्व्हिडियाचं कूडा त्यात नाही, त्यामुळे अभ्यासाच्या कामात प्रत्येक पायरीवर खटपट. इंटेलचं आर्क बी-५८० डिसेंबर २०२४मध्ये २४९ डॉलरला आलं, १२ जीबी आणि ४५६ जीबी बँडविड्थ घेऊन; कागदावर दोघांनाही चीत करणारं. पण जुन्या प्रोसेसरसोबत त्याचा ड्रायव्हर वेग खातो, हे महिनाभरातच उघड झालं. नवा पूर्ण पीसी घेणाऱ्याने त्याचा विचार जरूर करावा.

आणि सेकंडहँड. ३०६० वापरलेलं खूप मिळतं, त्याला कारण आहे. २०२१मध्ये इथेरियम या आभासी चलनाच्या खाणकामासाठी कार्डं पळवली जात होती. ती खेळणाऱ्यांना मिळावीत म्हणून एन्व्हिडियाने ३०६०मध्ये खाणकामाचा वेग निम्मा करणारं कुलूप घातलं, आणि महिन्याभरातच स्वतःच्याच एका चाचणी-ड्रायव्हरमधून चुकून ते उघडून दिलं! १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने खाणकामाची पद्धतच सोडली आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात लोटली गेली. असं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण पारखून घ्यावं. पंख्याला बोटाने हलकेच गिरकी द्या. खरखर लागली किंवा पातं डगमगलं तर बेअरिंग गेलेलं. मागच्या पट्टीच्या कडेशी तेलकट ओघळ दिसला तर आतल्या थर्मल पॅडमधून तेल झिरपलेलं आहे. स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असतील तर कार्ड आधी उघडलेलं आहे. मग विकणाऱ्यासमोरच पीसीत लावून जीपीयू-झेड हा प्रोग्रॅम चालवा: ३५८४ कोअर, १९२ बिट, १२२८८ एमबी हे तीन आकडे जुळायला हवेत. जुन्या चिपवर नव्या कार्डाचं नाव चढवून विकण्याचे प्रकार इतके वाढले की २०१८मध्ये या प्रोग्रॅमने बनावट कार्ड ओळखायची सोयच आत घातली. शेवटी दहा-पंधरा मिनिटं भार टाकून तापमान बघा. ८३ अंशांच्या आसपास कार्ड स्वतःला आवरायला लागतं. दोन मिनिटांतच तिथे पोचलं तर सोडून द्या.

तर निवड? फक्त खेळ, १०८०चा मॉनिटर, नवा बोर्ड, उकाड्याची खोली: ४०६०. मॉडेलं, ब्लेंडरमधली मोठी दृश्यं, जुना बोर्ड, किंवा पुढे काय करणार हे अजून ठरलेलं नाही: ३०६०, १२ जीबी, वॉरंटीसकट मिळालं तर उत्तमच. दुसऱ्या प्रकारात पहिल्या वर्षाची बहुतेक मुलं मोडतात, म्हणून माझा कौल जुन्याला.

२०२५मध्ये नवी पिढी आली म्हणून वाद संपला असं झालं नाही. मे महिन्यात २९९ डॉलरचं आरटीएक्स ५०६० आलं. जीडीडीआर-७ मेमरीमुळे बँडविड्थ ४४८ जीबी झाली, वेगाची तक्रार उरली नाही, मेमरी मात्र पुन्हा ८ जीबी. त्याआधी एप्रिलमध्ये ५०६० टीआय आलं ते ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत: नाव एक, चिप एक, ४६०८ कोअर तेच, किमतीत ५० डॉलरचा फरक. समीक्षकांकडे चाचणीसाठी १६ जीबीची कार्डं पोचली. ८ जीबीची त्यांना दुकानातून विकत आणावी लागली.